सेलमागे सेल

एका सेलचे धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला आणि त्याचे धन टोक त्याच्या पुढच्याच्या ऋण टोकाला जोडत गेले की व्होल्टची बेरीज होत जाते. शाळेच्या पुस्तकात हिला एकसर जोडणी म्हणतात, वायरमन आणि बॅटरीवाले सिरीज म्हणतात. दीड व्होल्टचे तीन सेल टॉर्चमध्ये एकामागे एक बसले की साडेचार व्होल्ट मिळतात. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी बाहेरून एकच डबा दिसत असली, तरी आत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा कप्पे सिरीजमध्ये असतात. ही युक्ती बॅटरीइतकीच जुनी आहे, किंबहुना बॅटरीचा जन्मच तिच्यातून झाला. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांची चळत रचली, मधेमधे खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला आणि जगाला पहिल्यांदा अखंड विद्युतप्रवाह दाखवला.

रायगडच्या किनाऱ्यावर ही जोडणी टॉर्चपासून ट्रॉलरपर्यंत सगळीकडे आहे. अलीकडे ती आणखी एका वस्तूत लपून येते, ती म्हणजे व्हेप किंवा ई-सिगारेट. भारतात तिच्यावर बंदी आहे. तिचा एक प्रकार असा, की त्यात दोन लिथियम सेल एकावर एक ठेवलेले असतात आणि त्यांना आवर घालणारे सर्किट अजिबात नसते. तो प्रकार किती घातक आहे हे समजायचे तर आधी साध्या टॉर्चपासून सुरुवात केलेली बरी.

सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, पण साठा वाढत नाही. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर २४ व्होल्ट मिळतात, अँपिअर-अवर मात्र शंभरच राहतात. त्याच दोन समांतर, म्हणजे पॅरललमध्ये जोडल्या तर व्होल्ट बाराच राहतात आणि साठा दोनशे होतो. एकूण ऊर्जा दोन्हीकडे तेवढीच, २४०० वॅट-अवर. खरा फरक प्रवाहात आहे. पॅरललमध्ये लागणारा प्रवाह दोघींत वाटला जातो. सिरीजमध्ये वाटणी नसते. मार्ग एकच असल्यामुळे प्रत्येक सेलमधून पूर्ण प्रवाह जातो, मग तो सेल नवा असो वा जुना, भरलेला असो वा रिकामा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. अशा काळात घरोघरी एक गोष्ट हमखास होते. टॉर्चमध्ये दोन सेल नवे आणि एक घरात पडलेला जुना टाकला जातो. जुना आधी संपतो, पण नवे दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. रिकाम्या सेलचे व्होल्ट शून्यावर येतात आणि तिथे न थांबता उलट दिशेला जातात. त्याचे धन टोक ऋण होते. आत वायू धरतो, पत्रा फुगतो आणि टॉर्चच्या तळाशी ओला, चिकट द्राव उतरतो. सेल ‘पाघळला’ म्हणतात तो बहुतेक वेळा असाच पाघळलेला असतो. पाकिटावर जुने आणि नवे सेल मिसळू नका असे छापलेले असते, त्यामागे विक्री वाढवण्याचा हेतू नसून हे उलटे होणे असते.

जुन्या बल्बच्या टॉर्चमध्ये सेल आणि बल्ब यांच्यामध्ये बटणाखेरीज काही नसे. सेल जेवढे व्होल्ट देतील तेवढे थेट बल्बला. म्हणून सेल उतरत गेले की उजेड पिवळा, मग तांबूस होत जाई. अशा सर्किटला अनियंत्रित म्हणतात. व्होल्ट किती आहेत, प्रवाह किती वाहतो, सेल रिकामा झाला का, हे पाहणारे तिथे कोणीच नसते. टॉर्चमध्ये त्याने बिघडत नाही. जस्ताच्या सेलला मोठा प्रवाह देताच येत नाही आणि बल्ब मागतोही थोडाच.

नौकेवर मामला मोठा होतो. करंजा, रेवस, बोडणी, थळ, साखर आक्षी, रेवदंडा, एकदरा, जीवना बंदर, भरडखोल अशा बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या यांत्रिकी नौकांवर बहुधा सहा सिलिंडरची डिझेल इंजिने असतात. त्यांचे घराणे ट्रकचे, त्यामुळे त्यांचा सेल्फही ट्रकसारखा २४ व्होल्टचा असतो. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन जाड बॅटऱ्या इंजिनाच्या खोलीत सिरीजमध्ये बसवतात. २४ व्होल्टच का, याचे उत्तर तारेत आहे. चार किलोवॅटचा सेल्फ धरला तर १२ व्होल्टवर तो सुमारे ३३३ अँपिअर ओढेल, २४ व्होल्टवर सुमारे १६७. प्रवाह अर्धा झाला की तारेतले उष्णतेचे नुकसान चौथाईवर येते. खाऱ्या हवेत गंजलेल्या टर्मिनलवर हा फरक इंजिन चालू होणे आणि न होणे यातला असतो.

सेल्फचे सर्किटही अनियंत्रितच आहे. चावी फिरली की दोन्ही बॅटऱ्यांचे सगळे व्होल्ट थेट मोटरवर. पण काम काही सेकंदांचे असते आणि शिशाची बॅटरी असा फटका सोसते. त्रास सुरू होतो तो वायरलेसमुळे. व्हीएचएफ संच बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि नौकेवर तर २४ आहेत. सोपा मार्ग म्हणजे दोहोंपैकी खालच्या बॅटरीवरूनच दोन तारा काढून संचाला देणे. संच लगेच चालू होतो, दिवाही लागतो, मोबाइलचा चार्जरही त्याच तारांवर येतो. आठवडाभर सगळे ठीक वाटते.

पण खालच्या बॅटरीतून सेल्फचाही प्रवाह जातो आणि वायरलेसचाही, वरच्या बॅटरीतून फक्त सेल्फचा. खालची रोज जास्त उतरते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दोघींवर मिळून सुमारे २८ व्होल्ट देतो आणि सिरीज असल्यामुळे दोघींतून जाणारा चार्जिंगचा प्रवाह सारखाच असतो. अल्टरनेटरला बेरीज तेवढी दिसते. खालची १३ वर अडकलेली आणि वरची १५ वर चढलेली असली, तरी त्याच्या हिशेबाने २८ बरोबर आहेत. परिणामी खालची कधीच पुरती भरत नाही, तिच्या प्लेटवर सल्फेटचा थर धरतो. वरची मात्र रोज गरजेपेक्षा जास्त भरली जाते, तिचे पाणी उकळल्यासारखे आटते. काही महिन्यांत दोन्ही जातात, एक उपासमारीने आणि दुसरी अतिभोजनाने, आणि दोष दिला जातो बॅटरीच्या कंपनीला. यावर उपाय कठीण नाही. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून लावला, किंवा दोघींचे व्होल्ट सारखे राखणारा इक्वलायझर बसवला, की प्रश्न मिटतो. आजकालचे अनेक जीपीएस आणि फिश फाइंडर दोन्ही व्होल्टवर चालतात, त्यांना मधूनच तार काढून देण्याचे काही कारणच नाही.

पावसाळ्याचीही यात भर पडते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि बॅटऱ्या काढल्या नाहीत तर दोन महिने तशाच पडून राहतात. शिशाची बॅटरी काही न करताही उतरते, पण सगळे कप्पे सारख्या वेगाने उतरत नाहीत. बारा कप्प्यांच्या रांगेत एखादा बसला की नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू करताना सेल्फ नुसता कण्हतो. अशा वेळी वरून व्होल्ट मोजून फारसे कळत नाही. जाणता बॅटरीवाला प्रत्येक कप्प्यात हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी पाहतो. भरलेल्या कप्प्यात ती १.२६ च्या आसपास, रिकाम्यात १.१२ पर्यंत उतरलेली. अकरा कप्पे ठणठणीत आणि एकच खाली असला तर बॅटरी भरून उपयोग नाही, तो कप्पाच गेलेला असतो.

शिशाच्या बॅटरीचे दोन धोके नौकेवर खास आहेत. जास्त चार्ज झाली की ती हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो, आणि झाकण बंद असलेली इंजिनाची खोली त्याला साठायला चांगली जागा आहे. दुसरा धोका समुद्राच्या पाण्याचा. ते बॅटरीच्या आम्लात शिरले की मिठातून विषारी क्लोरीन वायू निघू शकतो. पाणबुड्यांच्या इतिहासात या वायूची धास्ती मोठी होती. तरीही हे धोके हळू येतात. पाणी आटते, वास येतो, डबा गरम लागतो. लिथियमचा सेल एवढी सवड देत नाही.

लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्वांत ओळखीचा आकार १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. रात्री डोक्याला बांधायच्या चार्जिंगच्या टॉर्च आणि पॉवर बँक यांत अनेकदा हाच सेल असतो. त्याचे सरासरी व्होल्ट ३.६ ते ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२ आणि अडीच ते तीनच्या खाली तो उतरू द्यायचा नसतो. चांगल्या सेलचा साठा अडीच ते साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवर असतो. बाजारात ९९०० छापलेले सेल स्वस्तात मिळतात. त्या आकारात एवढा साठा मावतच नाही, तेव्हा अशा सेलच्या वेष्टणावरच्या कुठल्याच आकड्यावर विसंबू नये.

या सेलच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या, त्यांच्यामधला प्लास्टिकचा पडदा आणि पेट घेणारा सेंद्रिय द्राव असतो. सेल शंभर अंशांच्या आसपास तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. सुमारे १३० अंशांना पडदा वितळतो आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात. पुढे धन पट्टीतून प्राणवायू सुटतो, म्हणजे आग विझवण्यासाठी हवा तोडूनही भागत नाही. सिरीजमध्ये उलटा झालेला लिथियम सेल टॉर्चच्या सेलसारखा नुसता पाघळून थांबत नाही. खूप खाली उतरल्यावर त्याच्यातले तांबे द्रावात विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी जमते. तिथून पुढे तो आतून कधीही शॉर्ट होऊ शकतो.

म्हणून लिथियमची रांग राखणीशिवाय वापरायची नसते. ४८ व्होल्टच्या ई-स्कूटरमध्ये बहुधा तेरा सेलांच्या पायऱ्या सिरीजमध्ये असतात आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम प्रत्येक पायरीचे व्होल्ट वेगळे पाहते. एकही पायरी मर्यादेबाहेर गेली की ती सगळा पुरवठा तोडते. अल्टरनेटरला न दिसणारे १३ आणि १५ तिला दिसतात. २०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटर पेटल्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले आणि त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला.

व्हेपच्या अनियंत्रित प्रकारात ही राखण मुळातच काढून टाकलेली असते. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि निकोटीन यांचा द्राव कापसात मुरवायचा, भोवतीची रोधक तार विजेने तापवायची आणि वाफ ओढायची, एवढीच तिची यंत्रणा. नियंत्रित उपकरणात चिप असते. ती तारेचा रोध मोजते, शॉर्ट असेल तर पुरवठा देत नाही, काही सेकंदांनी आपोआप बंद करते आणि सेल उतरला की थांबते. अनियंत्रित उपकरण, ज्याला त्या वर्तुळात ‘मेक मॉड’ म्हणतात, ते म्हणजे तांब्या-पितळेची पोकळ नळी, आत सेल, खाली बटण आणि वर तार. विजेच्या दृष्टीने ती जुन्या बल्बची टॉर्चच आहे, फक्त जस्ताच्या सेलच्या जागी लिथियम आणि बल्बच्या जागी जवळपास शॉर्टसारखी तार.

तारेचा रोध ०.३ ओहम धरू. एका भरलेल्या सेलवर प्रवाह ४.२ भागिले ०.३, म्हणजे १४ अँपिअर, आणि शक्ती सुमारे ५९ वॅट. दुसरा सेल सिरीजमध्ये आला की व्होल्ट ८.४, प्रवाह २८ अँपिअर आणि शक्ती सुमारे २३५ वॅट. व्होल्ट दुप्पट, पण वॅट चौपट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची साधी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते, म्हणजे तशा नऊ आयर्नींची उष्णता ओठांपासून काही बोटांवर. आणि सिरीज असल्यामुळे हे २८ अँपिअर दोन्ही सेलांतून पूर्णच्या पूर्ण जातात. जास्त प्रवाहासाठी मुद्दाम बनवलेल्या चांगल्या १८६५० सेलची सततच्या प्रवाहाची मर्यादा साधारण २० ते ३० अँपिअर असते, साध्या टॉर्चच्या सेलची त्याहून कितीतरी कमी. तारेचा रोध निम्मा केला तर आकडा ५६ अँपिअरवर जातो. त्याला कोणताही १८६५० पुरा पडत नाही, आणि नळीत तसे सांगणारे कोणी नसते.

बटण दाबून ठेवले की सेल उतरत जातात, वाफ कमी होते आणि वापरणाऱ्याला तेवढीच खूण मिळते. दोन सेलांची बेरीज ६.४ आहे हे जाणवले, तरी ती ३.२ आणि ३.२ ची आहे की ३.९ आणि २.५ ची, हे जिभेला कळत नाही. नौकेच्या अल्टरनेटरचे जे आंधळेपण, तेच इथे. दोन्ही सेल एकाच दिवशी घेतलेले आणि कायम जोडीनेच वापरलेले आणि चार्ज केलेले असावेत असा दंडक व्हेप वापरणाऱ्यांमध्ये पडला तो याचमुळे. तो पाळला तरी धोका उशिरा येतो इतकेच, कारण दोन सेल एकसारखे म्हातारे होत नाहीत.

नळीची रचना आणखी एक संकट उभे करते. १८६५० चा संपूर्ण बाहेरचा पत्रा ऋण असतो आणि त्यावर पातळ प्लास्टिकचे वेष्टण असते. खालच्या सेलचे वेष्टण फाटून पत्रा नळीला टेकला तर बटण असून नसल्यासारखे होते, तार आपणहून तापू लागते. वरच्या सेलचे फाटले तर त्याहून वाईट. त्याचा पत्रा म्हणजे खालच्या सेलचे धन टोक, त्यामुळे बटण दाबताच खालचा सेल थेट शॉर्ट होतो. सेल फुटताना वायू वरच्या टोकाकडून बाहेर यायला हवा, पण वर दुसरा सेल बसलेला आणि भोवती धातूची बंद नळी. मग नळीचे तुकडे होतात किंवा टोपण गोळीसारखे सुटते. अमेरिकेत मे २०१८ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे व्हेपच्या स्फोटातील तुकड्यांनी दोन तरुणांचे जीव घेतले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील १९५ आगी आणि स्फोटांची नोंद केली होती. त्यांपैकी ६१ घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. खिशातली किल्ली किंवा नाणे सुट्या सेलच्या दोन टोकांना जोडायला पुरते, हे टॉर्चसाठी सुटे १८६५० नेणाऱ्यांनाही तितकेच लागू आहे.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि नंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यामागचे कारण निकोटीनचे व्यसन आणि तरुणांचे आरोग्य हे होते, बॅटरी नव्हे. तरी बंदीचा एक परिणाम बॅटरीवर होतो. जी वस्तू उघड विकता येत नाही तिला हमी, मानक किंवा तक्रारीची सोय राहत नाही, आणि चोरून आलेल्या नळीबरोबर कोणत्या प्रतीचे सेल आले हे विचारायला दुकानच नसते.

देशाच्या मोठ्या बंदरांतील कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर उचलते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात लिथियम सेल रोजच्या व्यापारात उतरतात, पण ते नवव्या वर्गातला धोकादायक माल म्हणून. जहाजावर चढण्याआधी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्या पार कराव्या लागतात. उंचीवरचा कमी दाब, उष्णता, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्ट, आघात, अतिचार्ज अशा सात झाल्या की आठवी चाचणी सक्तीच्या डिस्चार्जची. रिकामा सेल सिरीजमध्ये लावून त्यातून बाहेरच्या पुरवठ्याने प्रवाह ढकलतात, तो उलटा होऊ देतात आणि तो फुटतो की पेटतो हे सात दिवस पाहतात. खेळणी किंवा प्लास्टिकचा माल म्हणून खोट्या कागदांवर येणाऱ्या खोक्यात ही आठवी चाचणी झाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि ते खोके डेकखाली नेमके कशाशेजारी रचले आहे हे जहाजाच्या कप्तानालाही ठाऊक नसते.

संपलेल्या सेलचे काय होते हेही त्याच्या रसायनावर ठरते. शिशाला भंगारात भाव आहे, म्हणून नौकेची जुनी बॅटरी नवी घेताना बदल्यात दिली जाते आणि किनाऱ्यावर टाकलेली सहसा सापडत नाही. सुट्या लिथियम सेलला गावच्या भंगारवाल्याकडे तसा भाव नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली आहे, पण चोरून आलेल्या व्हेपला आयातदारच नसतो. वापरून टाकलेला १८६५० टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचा असतो. ओल्या कचऱ्याच्या गाडीत तो गेला तर गाडीच्या दाबयंत्राखाली चिरडून तिथेच पेटू शकतो.